अण्णाच्या गालावरची देवी

कमलनगरहून औरादकडच्या एका मुलीच्या घरी माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, फोटो गेला तेव्हा त्यातल्या गालांवर एकही खड्डा नव्हता. प्रत्यक्षात तरुणपणीच्या मुरुमांनी दोन्ही गाल खणून ठेवले होते. बीदरच्या स्टुडिओवाल्याने कुणी न सांगताच ते संगणकावर बुजवले. आईला फोटो आवडला आणि तो तसाच पाठवला गेला. मुलीकडून 'पोरगं बघायला येतो' असा निरोप आला, तेव्हा घरातल्यांनी प्रथमच फोटोकडे आणि मग अण्णाकडे नीट पाहिलं.

"आता रे?" आई म्हणाली.

"आता फोटो तर बदलता येत न्हाई. तोंड बदलू," अण्णा म्हणाला.

अण्णाचं कापडाचं दुकान होतं. नमुना एक आणि ठाण दुसरं निघालं की गिऱ्हाईक चप्पल घालतं, हे त्याला ठाऊक होतं. वय तिशीच्या पुढे गेलेलं, याआधी तीन घरांनी बघून गेल्यावर निरोपच दिला नव्हता. मी तेव्हा गुलबर्ग्याला एका दैनिकात काम करत होतो. लेझरने त्वचा नवी करतात, असा एक मजकूर आमच्या आरोग्याच्या पानावर नुकताच गेला होता. मजकूर मीच तपासला असल्यामुळे अण्णाला हैदराबादला नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

डॉक्टर हैदराबादी दखनी हिंदीत बोलायचे. "गड्ढे पूरे नै भरते, खाली कम होते," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं; म्हणजे खड्डे नुसते कमी होतात. एका बैठकीत काम भागेलच असं नाही. वरची त्वचा लेझर जाळून काढतो, खालून नवी येते. तोंड सुजेल, पाझरेल, खपल्या धरतील. खपल्या ओढायच्या नाहीत. दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचं नाही. ऊन टाळायचं, नाहीतर आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहतात. लाली जायला कित्येक आठवडे लागतील, कदाचित महिने.

"मेहमान आनेवाले हैं," अण्णा म्हणाला.

"तो मेहमानों को बाद में बुलाओ."

अण्णाने एवढ्यातलं 'कम होते' तेवढं ऐकलं.

गालांना बधिर करणारं मलम लावून त्याला बराच वेळ बसवलं. मग डोळ्यांवर धातूच्या वाट्या आल्या. यंत्र टकटक करत गालांवरून फिरलं आणि खोलीत केस जळल्याचा वास पसरला. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटतंय. "मिरचीच्या पोत्यात तोंड घालून झोपल्यावानी," तो म्हणाला. परतीच्या बसमध्ये त्याने तोंडाला आईच्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं होतं.

खपल्या धरल्या त्या सकाळी शेजारची अक्का ताक मागायला आली. तिने अण्णाला पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले.

"अगं बाई, आल्यात की! सांगितलं कामून न्हाई?"

आमच्याकडे अंगावर कांजिण्या उठल्या की देवी आली म्हणतात आणि तिच्याविषयी आदरार्थी बोलतात. आई काही बोलायच्या आत अक्काने दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला. आम्ही काही जाहीर केलं नव्हतं. फक्त खंडन केलं नाही. सोय एवढी होती की खंडन करवत नव्हतं. देवीच्या माणसाला अंधाऱ्या खोलीत ठेवतात, उन्हात सोडत नाहीत, खाजवू देत नाहीत. डॉक्टरांच्या जवळजवळ सगळ्या सूचना अक्काने स्वतःहून अमलात आणल्या. देवी असेपर्यंत तेल तापवायचं नसतं म्हणून घरात फोडणी बंद झाली, तेवढाच अण्णाला त्रास.

बातमी औरादकडे पोचली. आम्हाला वाटलं, येणं पुढे ढकलतील. उलट देवी असलेल्या घरी जायचं टाळणं बरं नव्हे, म्हणून मुलीचे वडील आणि आत्या दहीभात घेऊन लगेच आले. वडील ओसरीवर बसले. आत्या पाय धुऊन थेट खोलीत गेली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत हळद व वाटलेला लिंबाचा पाला.

"बस बाळा सरळ. थंडावा वाटंल." तिने बोटं बुडवली.

अण्णा भिंतीला टेकला. हळद लावून घ्यावी तर गाल जायचे. नको म्हणावं तर देवीचा अपमान, आणि सोयरीक जायची. आई माझ्याकडे पाहत होती. बोटं गालाजवळ आली.

"आत्या, थांबा!" अण्णा ओरडला. "देवी न्हाई, लेझर हाय."

"ती कुठली देवी?"

मग अण्णाने सगळं सांगितलं. खड्डे, फोटो, हैदराबाद. आत्याने वाटी खाली ठेवली आणि त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. "व्हय की. अंगावर एक बी फोड न्हाई. मी म्हणलं, देवी नुसती गालावरच कशी बसली?" मग तिने कमरेचा मोबाईल काढून भाचीला लावला. "पोरी, हे जाळून घेतलंय म्हणायलंय. फोटोतलं तोंड खोटं हाय. काय करू? परत येऊ?" थोडं ऐकून तिने फोन अण्णापुढे धरला. "बोल."

आम्हाला एकच बाजू ऐकू आली.

"व्हय... न्हाई, सगळे न्हाई बुजत... थोडे राहतेत... स्टुडिओवाल्यानं... व्हय, मीच सांगायला पायजे होतं... मलम... सांजच्याला लावतो."

फोन आत्याकडे परत गेला. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली. ओसरीवरून वडिलांनी विचारलं, "काय म्हणायली?"

"म्हणायली, हळद लावू नका, उन्हात सोडू नका," आत्या म्हणाली. "अन् लग्नाची हळद गाल सोडून लावायची."

तशीच लावली. लग्नाच्या फोटोत अण्णाचं कपाळ, हनुवटी, मान, हात सगळं पिवळं आहे आणि मध्ये दोन लालसर गाल, त्यांत थोडे खड्डे. ते रंग सारखे करून देतो, असं बीदरचा स्टुडिओवाला म्हणाला. वहिनीने त्याच्या हातून फोटो काढून घेतले.