पोटाशी काल, समोर उद्या

गणेशपंत जेऊरकर मास्तर शिकवणीचा पैसा घेत नसत, म्हणून आम्हांला इंग्रजी फुकट पडली असे कोणी समजू नये. माझी संध्याकाळची तालीम सुटली, पानाच्या दुकानावरची बैठक मोडली, आणि 'आपल्याला सगळं येतं' ही पेठेतली माझी ऐट गेली. यात शेवटची वस्तू सर्वांत महाग. मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वानांचे लेख असतीलच. त्यांत एका कापडवाल्याचेही चार शब्द असावेत असे मंडळींनी ठरवले, म्हणून लिहितो.

मी मूळचा मंद्रूपचा. डोक्यावर गाठोडी वाहत सोलापूरच्या नवी पेठेत आलो आणि वाहता वाहता दुकानात बसलो. कानडी घरचीच, तेलुगू, दखनी कानावर पडेल तशी उचलली. इंग्रजीही तशीच उचलू, असा माझा समज. एकदा मद्रासकडचा एक व्यापारी, चादरी बांधून झाल्या का, असे इंग्रजीत विचारीत होता. मी छाती काढून म्हणालो, "यस्टरडे आय पॅक, टुमॉरो आय पॅक!" तो हसत सुटला. शेजारी एक गृहस्थ उपरणी पाहत होते, ते मात्र हसले नाहीत. व्यापारी गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "शेट, माल काल बांधलात की उद्या बांधणार?"

"काल बांधला की!"

"मग ते त्यालाही कळू द्या. संध्याकाळी शाळेत या."

ही आमची पहिली भेट. चूक कानात सांगायची आणि शाबासकी चारचौघांत द्यायची, ही मास्तरांची रीत मला त्याच दिवशी कळली.

वर्ग शाळेच्या माडीवर भरे. दिवसा मास्तर त्याच शाळेत मुलांना शिकवीत, संध्याकाळी आम्हां बाप्यांना. विणकर, रंगारी, टांगेवाले असा सगळा गोतावळा. क्रियापदे आम्ही पाढ्यांसारखी म्हणायचो. मास्तरांनी एक शब्द उच्चारला की सगळ्यांनी उभे राहून तो तिन्ही काळांत चालवायचा. काळ समजावायला त्यांनी आमचा हातमागच धरला. विणलेले कापड पोटाशी गुंडाळत जाते, तो काल. आडवे सूत घेऊन धोटा धावतो तिथे आज. पुढे ताणलेले सूत, ते उद्या. पोटावर हात ठेवला की काल, हात पुढे केला की उद्या. 'गो'चे 'वेंट' होणारी वाकडी क्रियापदे त्यांनी मुद्दाम मागे ठेवली. "आधी सरळ चालणारी जनावरं हाकू. अडेलतट्टू दिवाळीनंतर."

यावर रहिमनचाचा टांगेवाले म्हणाले, "मास्तरसाब, अपना घोडा तो दोनो में बैठता!"

पण आमचा आवाज हेडमास्तरांना सोसेना. "हा वर्ग आहे की भजन?" असे विचारून त्यांनी ठरवले की तपासणीला येणाऱ्या गोऱ्या साहेबांनाच हा प्रकार दाखवावा. साहेब नाही म्हणाले तर वर्ग बंद, आणि मास्तरांच्या नोकरीवरही शेरा बसणार. आम्ही धास्तावलो. मास्तर एवढेच म्हणाले, "नेहमीसारखेच वागा."

तिथेच घात झाला. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या नरसय्या विणकरांना सहज विचारले, "डू यू वर्क इन द मिल?" वर्क शब्द कानी पडताच अख्खा वर्ग उठला. "आय वर्क! आय वर्क्ड! आय शॅल वर्क!" माडी हादरली. साहेब दचकून ओरडले, "स्टॉप!"

"आय स्टॉप! आय स्टॉप्ड! आय शॅल स्टॉप!"

"लिसन!"

"आय लिसन! आय लिसन्ड! आय शॅल लिसन!"

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवले तेव्हा कुठे आम्ही बसलो.

यांना यातले काही कळते का, असे साहेबांनी विचारले. दुसरा कोणी 'सगळं कळतं' म्हणाला असता. मास्तरांनी काय उत्तर दिले ते पुढे त्यांनीच आम्हांला मराठीत सांगितले: "अर्धे कळते, साहेब. उरलेले कळावे म्हणून तर वर्ग."

साहेबांनी नरसय्यांना कालचे काहीतरी विचारले. असले वाक्य आम्हांला अजून शिकवलेले नव्हते. नरसय्या मास्तरांकडे पाहू लागले. मास्तरांनी न बोलता पोटावर हात ठेवला.

"आय वर्क्ड, सर," नरसय्या म्हणाले.

मास्तरांनी हात पुढे केला.

"आय शॅल वर्क, सर."

साहेबांचे डोळे बारीक झाले. मास्तरांनी त्यांना मागाची खूण उलगडून सांगितली. मग साहेबांनीच आपल्या कोटावर, पोटाशी, हात ठेवला आणि रहिमनचाचांकडे पाहिले. "आय वॉक्ड, साब," चाचा म्हणाले, "घोडा बी वॉक्ड!" साहेब मोठ्याने हसले आणि जिना उतरू लागले.

मी दाराशी होतो, आणि माझे कान तिखट. जिन्यात साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "क्लोज द विंडोज." ओपन, क्लोज आमच्या पाठातलेच. मी आत येऊन सांगितले, "वर्ग राहिला!"

"खरं सांगा की शेट," नरसय्या म्हणाले, "कळलं की उगीच?"

"अहो, जो वर्ग मोडायचा, त्याच्या खिडक्या कोण लावायला सांगतो?"

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. ते बाकावर बसले, उपरण्याने तोंड पुसले आणि पाणी मागितले. वर्गात त्यांना बसलेले मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी हुकूम आला: वर्ग चालू ठेवावा, खिडक्या लावून. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या माडीवर आम्ही भाजून निघालो, पण एकानेही तक्रार केली नाही.

पुढे नरसय्या तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा मास्तर त्यांच्या घरी जाऊन मागाशेजारी बसून धडा देत. नरसय्यांच्या आईंशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून तेलुगू माझ्याकडून शिकले. मी चुकलो की तेही कानातच सांगत, कारण शिष्याची तेलुगू गुरूहून पुढे गेली होती.

आता मास्तर पेठेत सर्वांना बजावून सांगतात, "साठी झाली. खडू खाली ठेवला. संध्याकाळी तळ्यावर फिरायला जातो." देव त्यांना शंभरी दाखवो, माडी चढण्याइतके गुडघे शाबूत ठेवो, आणि आवाज असाच खणखणीत राहो.

काल संध्याकाळी मी तळ्यावर जाऊन आलो. मास्तर तिथे नव्हते, वर्गावर होते.