जकात नाक्याच्या आतलं माहेर

पर्यटक व्हिसा नावाची चीज भारत आणि पाकिस्तान यांच्यात तेव्हा नव्हतीच. ताजमहाल बघायला जर्मन माणूस अर्धी चड्डी घालून येतो आणि वाटेल तिथे हिंडतो. कराचीची बाई मात्र ‘जरा चार दिवस फिरून येते’ म्हणून निघू शकत नाही. तिला इथे नातेवाईक लागतो, नातेवाइकाचं हमीपत्र लागतं, आणि मग शिक्का बसतो तो गावाच्या नावानिशी. शिक्क्यात जे गाव, तेवढ्याच गावात पाय ठेवायचा. पोचल्यावर पोलिसांत हजेरी, निघताना पुन्हा हजेरी. भांडण दोन सरकारांचं, आणि शिक्षा कुणाला, तर गुडघे धरलेल्या बायकांना. मी याचा तेव्हा निषेध केला होता. आजही करते.

तेव्हा म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी भिवंडीत कॉलेजला होते आणि आमच्या पाच-सहा जणांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. पाणी, रेशन, गटारं, विषयांना तोटा नव्हता. आम्ही मूळचे शेलारचे, बौद्धवाड्यातले. वडिलांना नगरपालिकेत नोकरी लागली तसे नारपोलीत दोन खोल्यांत राहायला आलो. शेलारला आमच्या घराला लागून एका कोकणी मुसलमान शेतकऱ्याचं घर होतं, आणि त्या घरातली म्हातारी म्हणजे आमची दादी. माझ्या आईला भाकरी थापायला आपण शिकवलं, असं दादी सगळ्यांना सांगायची. आई म्हणायची, मला लग्नाआधीपासून येत होती.

दादीची मुलगी, म्हणजे आमची खाला, भिवंडी शहरातच दिली होती. लग्नानंतर नवरा धंद्याला म्हणून कराचीला गेला आणि तिथलाच झाला, ही पण त्याच्यामागे गेली. आता इतक्या वर्षांनी तिला व्हिसा मिळाला होता. हमीपत्र दिलं भिवंडीतल्या दिरानं, पत्ता त्याचा, म्हणून शिक्का बसला ‘भिवंडी शहर’ असा. शेलार वेगळं लिहायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नदीवरचा पूल ओलांडला की शेलार, त्याला कोण वेगळं गाव धरतो? आम्ही इथली माणसं भिवंडी म्हटलं की त्यात शेलार धरूनच चालतो.

खालाला आणायला दीर विमानतळावर गेले. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो, आणि शिस्तीचा असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कशेळीच्या पुलावर खाला म्हणाली, टॅक्सी जरा थांबवा, खाडीचा वारा घेते. चाचांनी थांबवू दिली नाही. कशेळी व्हिसावर लिहिलेली नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं पोलिसांत हजेरी द्यायला गेली तेव्हा घोटाळा कळला. साहेबांनी शिक्का वाचला आणि सांगितलं, शेलारला जायचं नाही, ती नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. खाला जिच्यासाठी आली ती आई शेलारला, आणि हिला परवानगी जकात नाक्यापर्यंत. दिवस मोजून मिळालेले.

सगळे म्हणाले, त्यात काय, दादीला शहरात आणू. दादीनं साफ नकार दिला. एक तर लेकीच्या सासरी आई जाऊन राहत नाही. आणि दुसरं, सासरी गेलेली पोरगी माहेरी येते, माहेर उठून तिच्या मागे जात नाही. “येवढी विमानात बसून आली,” दादी म्हणाली, “आन् माझ्या दारात यायला तिला पाय न्हाय?”

मी आधी पोलिस ठाण्यात अर्ज घेऊन गेले. साहेब वाईट नव्हते, उलट मला बसायला खुर्ची दिली, त्यामुळे माझा निम्मा राग वाया गेला. मी म्हटलं, शेलारला पत्र येतं त्यावरसुद्धा तालुका भिवंडीच लिहितात.

“वज्रेश्वरीपण भिवंडी तालुक्यातच येते,” साहेब म्हणाले. “उद्या तुम्ही यांना गरम कुंडात आंघोळीला न्याल.”

“त्यांनी आंघोळ केली तर देशाला काय होणार आहे?”

साहेब हसले आणि अर्ज ठाण्याला जिल्हा कचेरीत पाठवतो म्हणाले. ठाण्याहून तो मंत्रालयात जाणार होता. तोवर खाला परत कराचीला पोचली असती, हे त्यांनाही कळत होतं.

मग मी माझ्या हातातलं हत्यार काढलं. पत्रक लिहिलं, मथळा असा: ‘खाडीच्या वाऱ्याला व्हिसा लागत नाही, माणसाला का?’ छापखान्यातून ओल्या शाईचा गठ्ठा घेऊन थेट चाचांकडे गेले, कौतुक होईल या आशेनं. चाचांनी पहिला परिच्छेद वाचला आणि दरवाजा आतून लावून घेतला.

“बेटी, हे वाटू नको,” ते म्हणाले. “तुला वाटतं, वाचून सरकारला शरम येईल. सरकारला शरम आली तर ते सगळ्यात आधी माझ्याच घरी येईल.”

मी त्यांना अन्यायापुढे मान तुकवणं म्हणजे काय, यावर थोडंसं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गठ्ठा पलंगाखाली सरकवला.

एक प्रत माझ्याकडे उरली होती. ती घेऊन मी शेलारला गेले आणि दादीला मोठ्यानं वाचून दाखवली. साम्राज्यवाद आला, नोकरशाही आली, दोन्ही देशांतली कष्टकरी जनता आली. दादी भात पाखडत होती. वाचून संपल्यावर तिनं विचारलं, यात मी कुठं आहे? मी म्हटलं, कष्टकरी जनतेत. दादीनं सूप खाली ठेवलं.

“तुझं नारपोलीचं घर नाक्याच्या आत हाय का?”

“आत आहे.”

“मंग मी तुझ्या घरात येऊन रहातंय. मी उंबऱ्यात उभी रहाणार, ती भायेरून येणार. झालं म्हायेर.”

आईला विचारावं, एवढंही तिनं मला सुचू दिलं नाही. दुसऱ्या सकाळी टेम्पोत दादी, तिचा स्टो, पातेली, घरच्या तांदळाचं पोतं आणि पाय बांधलेली एक कोंबडी असं माहेर निघालं. नाक्यावर कारकुनानं अडवलं. पोतं उघडलं, पातेल्यांत डोकावला, कोंबडी विकायला आहे का म्हणून चौकशी केली. लेकीला खायला घालायची आहे, दादीनं सांगितलं, आणि तुझी लेक माहेरी येते तेव्हा काय घालतोस ते विचारलं. कारकून बराच वेळ काहीतरी बोलला, पण टेम्पो सोडला. दादी कोण, कुठली, कुठे चालली, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

आमच्या घरात दादी शिरली आणि आईचं राज्य संपलं. मसाल्याचे डबे खालच्या फळीवर आले. आई ओट्याजवळ गेली की दादी म्हणायची, तू बस, दमलीस. संध्याकाळी वडील ड्युटीवरून आले तर त्यांना आपल्याच दारात अडवून सांगण्यात आलं की घरात उद्या माहेरवाशीण येतेय, तेव्हा खाकरून आत येत जा. वडील बिचारे नंतर पंधरवडाभर खाकरत होते.

आता मुलीला सासरहून आणायला मुराळी हवा. मुराळी म्हणजे भाऊ, आणि खालाचा भाऊ कुवेतला. दादीनं मला पाठवलं. मी चाचांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी माझे दोन्ही हात पाहिले. पत्रकं नव्हती. मग मी पढवल्याप्रमाणे म्हटलं, “आईनं बोलावलंय. तुमच्या वहिनीला माहेरी पाठवता का?”

 चाचांनी टोपी नीट केली आणि दिराला शोभेल अशा आवाजात म्हणाले, “नेऊ शकता. पण परवा निघायची हजेरी आहे, वेळेवर पाठवा.”

नारपोलीच्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम. त्या खडखडाटात खाला माझा हात धरून चालली होती, आणि उंबऱ्यात दादी उभी. पाण्याचा तांब्या लेकीवरून ओवाळून तिनं रस्त्यावर ओतला. खाला काही बोलू लागली तर लूमच्या आवाजात ऐकूच येईना. शेवटी दादी ओरडून म्हणाली, “पाय धू आधी.” गल्लीभर ऐकू गेलं. खाला पाय धुवायला वाकली ती बराच वेळ वर झालीच नाही. दादी तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्या पायांवर घालत राहिली.

दोन दिवस दोघी भांडल्या. मीठ, कराचीचे तांदूळ, कोण कुणाला पत्र लिहायचं विसरलं. आई आणि मी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसारख्या बसून जेवलो. हजेरीच्या सकाळी चाचा न्यायला आले तेव्हा दादी म्हणाली, पोरगी आज राहील. चाचा घामाघूम झाले. दादीनं त्यांना कोंबडीचा रस्सा वाढला, तरी ते घड्याळ बघत राहिले. तेव्हा तिनं उठून लेकीच्या पदरात तांदूळ घातले.

गल्लीच्या टोकाला दोघं दिसेनाशी झाली. दादी आत आली, पण ओट्याकडे गेली नाही. बाहेरच्या खोलीत, मी बसत होते त्या जागी भिंतीला टेकून बसली आणि आईला म्हणाली, “आता मी पाव्हनी. चा ठेव.”