तुझ्यानं ते होणार नाही

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कोच झालो. भिलाईत हे कुणाला सांगायची सोय नाही. इथे गल्लोगल्ली आयआयटीचे क्लास, त्यामुळे शेजाऱ्यांनी सरळ विचारलं, "फिजिक्स की मॅथ्स?" मी म्हणालो, माणसं. त्यांनी माझ्या बायकोकडे काळजीने पाहिलं.

नंदिनी रोडवरच्या एका खासगी कारखान्यात मी शॉप इनचार्ज, म्हणजे एका विभागाचा प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा डोक्यात आलं, की जन्मभर माणसंच घडवली, तर आता तेच रीतसर करावं. लाइफ कोचिंगचा ऑनलाइन कोर्स केला. त्यात एक नियम घोटून घेतला होता: सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देत आयुष्य काढलेल्या माणसाला हा कडक उपासच होता.

सर्टिफिकेटसाठी सरावाला माणसं हवी होती. पहिला आला तो माझ्याच शॉपमधला क्रेन ऑपरेटर. बावीस वर्षं माझ्या हाताखाली, एकदाही तक्रार नाही. रविवारी सकाळी चरोद्याहून आला आणि आमच्या सोफ्याच्या कडेवर टेकला. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे मी त्याला 'तुम्ही' म्हणालो, तर तो दचकून उभाच राहिला.

"चार दिवस झाले साहेब, पोरगी बोलून नाही राहिली माह्यासंग," तो म्हणाला. मुलीचा डिप्लोमा झाला होता. रेल्वेत इंजिन चालवायचं म्हणत होती, आणि परीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख होती. "मी तिले म्हणलं, तुह्यानं थे होणार नाही. बस, एवढंच."

मला रागच आला. पोटच्या पोरीला असं बोलतात? पण सल्ला बंद! मी ओठ मिटले, मनातल्या मनात कोर्सची वही चाळली आणि एक प्रश्न शोधून काढला. खरं सांगतो, प्रश्नावर मी बेहद्द खूष होतो.

"हे वाक्य तुम्ही स्वतः पहिल्यांदा कुठे ऐकलं?"

तो फरशीकडे बघत राहिला. समोरचा गप्प झाला तर मध्ये बोलायचं नाही, हेही शिकलो होतो. मोठ्या शहाणपणाने बसून राहिलो.

"तुमच्या तोंडून, साहेब."

"मी? कधी?"

त्याला सगळं आठवत होतं. मुलगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत तो सुपरवायझरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी गेटपासवर सह्या करत होतो. मान वर न करता म्हणालो, तुझ्यानं ते होणार नाही, क्रेन सांभाळ.

"तुमची सही नव्हती लागत. भरू का, एवढंच इचारायले आलो होतो. मंग भरलाच नाही."

मला यातलं काही म्हणता काही आठवेना. तो चिडून बोलला असता तर सोपं गेलं असतं, पण तो हजेरी वाचून दाखवावी तसं सांगत होता. आणि मी? कोर्सच्या निबंधात 'मी घडवलेला माणूस' म्हणून याच्यावरच दोन पानं लिहिली होती! शरमेने मला त्याच्याकडे पाहवेना.

"माफ कर रे," मी म्हणालो. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

"थे जाऊ द्या साहेब. घरी जाऊन पोरीले काय म्हणू, थे सांगा."

आता सल्ला द्यायला मी नियम मोडला असता, पण माझ्याजवळ सल्लाच नव्हता. "चल," म्हणालो आणि स्कूटर काढली. फोटो लागेल, साइट बंद पडेल, असं काहीबाही मी सुपेल्याच्या बाजारातल्या गर्दीत मागे बसलेल्या त्याला ओरडून सांगत होतो.

चरोद्याला त्याच्या घरी पोचलो, तर दार मुलीनेच उघडलं. बाप उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "भर बाई फॉर्म. माहं चुकलं."

"भरला ना, बाबा. उसी दिन," ती म्हणाली. "तुमी ड्यूटीवर गेले, की लगेच."

"मंग बोलून कावून नाही राहिली?"

"गुस्सा आला होता. बहुत."

माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्याने हसलो, तिला शाबास म्हणणार होतो, तेवढ्यात शेजारी नजर गेली. तो हसत नव्हता. एक चप्पल काढून तसाच थांबला होता.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, तिला की मला ते कळलं नाही, "होणार नाही म्हणलं, तरी भरता येते."