चिंधी दाखवा

"बाई, चिंधी दाखवा." मी दुकानाच्या कुलपाला हात घातला की शेजारून हा आवाज ठरलेला. मग आमचे मिस्त्री स्वतःच आत वाकून, नाक पुढे करून, शिलाई मशीनखाली वास घेत फिरायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा भित्रा माणूस असेल. आमचे मिस्त्री कुत्र्याला भ्यायचे, इंजेक्शनला भ्यायचे, कळमनुरीच्या बाजारात रस्ता ओलांडताना कुणाचाही हात धरायचे. गल्लीनं त्यांची पुष्कळ टर उडवली, त्यात मीही होते.

त्यांची पत्र्याची शेड माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून होती. दारं, चौरंग, पाट, पोळपाट करायचे आणि शेवटचा हात बेलतेलाचा द्यायचे. बेलफळाशी त्याचा संबंध नाही. रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं जवसाचं तेल. पॉलिशवर त्यांचा राग होता. "चकाकी वर वर बसती, बाई. तेल लाकडात मुरतं." चिंधीनं लावायचं, जरा थांबायचं, जादा झालेलं पुसून घ्यायचं, वाळलं की पुन्हा लावायचं. चिंध्या माझ्याकडूनच न्यायचे. "सुती द्या. टेरिकॉट तेल पीत न्हाई."

वापरलेली चिंधी मात्र ते कुंपणाच्या तारेवर सुटी पसरून ठेवायचे. का, म्हणून विचारलं की आवाज खाली जायचा. "तेल वाळताना तापतं. मोकळं असलं तर वारा ताप घिऊन जातो. बोळा केला की ताप आत कोंडतो अन् आपोआप पेटतं. काडी बी लागत न्हाई." काडी न लावता आग! मला हसू आवरेना.

माझी मुलगी तेव्हा अंगावर पिणारी होती. दुकानातच तिची झोळी बांधलेली, झोळीखाली कात्रणांचं पोतं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मिस्त्री लाकूड आणायला बाळापूरला गेले होते. सासूबाई माझा डबा घेऊन आल्या, वावटळ उठलेली पाहून तारेवरच्या चिंध्या गोळा केल्या आणि घरी गेल्या. मी मशीनवर होते.

उन्हं कलल्यावर मिस्त्री आले आणि दारातच थबकले. "बाई, तारेवरच्या चिंध्या?"

"सासूबाईंनी उचलल्या वाटतं. वारं सुटलं होतं."

"कुठं ठिवल्या?"

मला ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात दोघांनाही वास आला. कढईत तेल करपावं तसा. कुणाच्याच घरी काही तळत नव्हतं. वास झोळीकडून येत होता. पोत्याच्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघाली, आणि मी उठूच शकले नाही.

मिस्त्रींनी झोळीतून लेकरू उचललं, माझ्या छातीशी कोंबलं. "भायेर व्हा!" मग पोत्याला मिठी घातली आणि ते रस्त्यावर नेऊन टाकलं. पोतं फाटलं, वारा लागला आणि आतून भडका उठला.

नंतर ते रस्त्यातच बसले. पाणी दिलं तर दात पेल्यावर वाजत होते. दोन्ही तळहात भाजलेले.

सासूबाई धावत आल्या. "म्या तं पोत्यात आवरून ठिवलं हो. घडी घालून."

"व्हय मावशी," मिस्त्री म्हणाले, "घडी चांगली घातली तुमी." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

त्या दिवसापासून गल्लीत कुणी त्यांना हसलं नाही. तेव्हापासूनच रोज संध्याकाळी ते माझं दुकान हुंगून जायचे.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. माझ्या त्याच मुलीच्या रुखवताचा चौरंग हे त्यांचं शेवटचं काम. त्याची चिंधी अजून तारेवर आहे. तेल वाळून ती पत्र्यासारखी ताठ झालीय, वाऱ्यानं हलतसुद्धा नाही. "काढू का गं आई?" मुलगी विचारते. मी काढू देत नाही.

कुलूप लावताना आता शेजारून आवाज येत नाही, आणि मला भीती वाटते. मग मी पुन्हा आत जाते, मशीनखाली वाकते, नाक पुढे करते.