टीम पाठवणारं घर

मुलगी दुसरीत असताना शाळेत तिला विचारलं होतं, तुमच्या घरी किती माणसं राहतात? तिने उत्तर दिलं, "कोण आलंय त्यावर आहे." बाईंनी काळजीने मला बोलावून घेतलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः आमच्या हॉलमध्ये बसून औषधांचे खोके भरत होत्या. आमच्या घरी आलेलं माणूस सहसा असंच कामाला लागायचं.

आम्ही दोघं नगरकडचे मराठी ख्रिस्ती. लग्नानंतर सिंगापूरला आलो, कारण नवऱ्याला जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी मिळाली होती. मुलगी रांगायला लागली तेव्हा त्याने ती नोकरी सोडली आणि आमच्या चर्चतर्फे आम्ही झांबियातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये राहायला गेलो. माझी आई फोनवर रडली. सासरे एवढंच म्हणाले, "पोरीला मच्छरदाणीत झोपवा."

तिथे नवरा जनरेटर, पाण्याचे पंप आणि ऑक्सिजनची यंत्रं सांभाळायचा. माझ्याकडे गेस्ट हाऊस होतं. सिंगापूरहून दोन-दोन आठवड्यांसाठी स्वयंसेवकांच्या टीम यायच्या. डॉक्टर, दंतवैद्य, नर्सेस, बँकेत काम करणारे, कॉलेजातली मुलं. त्यांचं जेवणखाण, अंथरुणं, कुणाचं पोट बिघडलं तर पेज, कुणाला घरची आठवण आली तर गप्पा, हे सगळं माझ्या वाट्याचं. पाणी विहिरीवरून यायचं आणि चुलीवर उकळायचं. एवढ्या माणसांना तीन वेळचं वेळेवर वाढणं सोपं नव्हतं, पण माझ्या गेस्ट हाऊसमध्ये कधी कुणी उपाशी झोपलं नाही, हे मी आजही मान वर करून सांगते.

त्याच काळात नुकतीच डॉक्टर झालेली एक झांबियन मुलगी तिथे रुजू झाली. तिच्या क्वार्टरमध्ये वीज सारखी जायची. आमचं घर हॉस्पिटलच्या जनरेटरच्या लाइनवर होतं, म्हणून ड्यूटी संपली की ती पुस्तकं घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायची. तिला सर्जन व्हायचं होतं. ती मला 'मामा' म्हणायची. तिकडे लेकुरवाळ्या बाईला मानाने तसंच म्हणतात, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे मामा म्हणजे कोण, हे सांगितल्यावर ती माझ्यापेक्षा जास्त हसली आणि मुद्दाम आणखी मोठ्याने 'मामा' म्हणायला लागली.

मुलीच्या शाळेसाठी आम्ही सिंगापूरला परतलो. बुकित पंजांगला फ्लॅट घेतला. नवरा पुन्हा कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जायला लागला. पण हॉस्पिटल काही सुटलं नाही. टीम जमवणं, त्यांना तयार करणं, पाठवणं हे काम चर्चने त्याच्यावर सोपवलं आणि आमचा हॉल त्याचं ऑफिस झाला. टीम दरवर्षी मोठी होत गेली. सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट असायचे. निघण्याआधीच्या शनिवारी सगळे आमच्याकडे जेवायला यायचे आणि लिफ्टपर्यंत चपला पसरलेल्या असायच्या.

दोन वर्षांपूर्वी बातमी आली की, ती झांबियन मुलगी आता त्याच हॉस्पिटलची सर्जन आहे आणि काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी सिंगापूरला येते आहे. ती कुठे राहणार हा प्रश्नच नव्हता. माझी मुलगी तोवर पंधरा वर्षांची झाली होती. पाहुण्यांसाठी खोली सोडायची म्हटलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. या वेळी मी विषय काढायच्या आतच ती आपल्या सिंगापुरी बोलीत म्हणाली, "माझी रूम दे ला, मम्मी. शी कॅरीड मी ऑन हर बॅक, यू सेड." आणि स्वतःच कपाट रिकामं करायला गेली.

डॉक्टर आली. अंगाने थोडी भरली होती, चष्मा लागला होता, हसणं तेच. सकाळी ती एलआरटीची छोटी ट्रेन पकडून निघायची, संध्याकाळी परत. एकदा मी मक्याच्या पिठाची न्शिमा केली, आपल्या उकडीसारखीच पण चांगली घट्ट. एक घास खाऊन ती म्हणाली, "मामा, तू विसरलीस," आणि पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

त्या वर्षीची टीम निघायची होती. शनिवारी सगळे जमले. नवऱ्याने तिला सांगितलं, "ही माणसं तुमच्याकडेच येणार आहेत. त्यांच्याशी दोन शब्द बोल." ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. मी कांदा चिरत होते.

"मामा, खरं बोलू का?"

"या घरात आणखी काय बोलतात?" मी म्हटलं.

ती हॉलमध्ये उभी राहिली. आधी तिने सगळ्यांचे मनापासून आभार मानले. मग म्हणाली, "तुम्ही येता तेव्हा आम्ही आमचं ऑपरेशन थिएटर तुमच्यासाठी मोकळं ठेवतो. आमच्या नर्सेस वॉर्ड सोडून तुमच्यासाठी भाषांतर करतात. रोजचे रुग्ण थांबून राहतात. तुम्ही परत गेलात की टाके काढायला आणि चिघळलेल्या जखमा बघायला आम्हीच असतो. पूर्वी आमच्याकडे कुणीच नव्हतं, तेव्हा तुम्ही आलात. ते मी विसरणार नाही. पण आता तिथे सर्जन आहे. मी आहे."

अनेकदा जाऊन आलेले एक वयस्कर दंतवैद्य होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आम्ही येऊ नये, असं?"

"मी बोलवेन तेव्हा या," ती म्हणाली. "मला भूल देणाऱ्या नर्सेस तयार करायच्या आहेत. त्यासाठी सहा महिने राहणारं एक माणूस हवंय. यंत्रं दुरुस्त करून जाणारा नको, आमच्या माणसांना दुरुस्ती शिकवणारा हवा. दोघंच या, पण राहा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. हे सगळं त्याने उभं केलं होतं. सुट्टीचा एकही शनिवार त्याने स्वतःसाठी ठेवला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. तो उठला, आणि मला वाटलं आता हा काहीतरी बोलून वेळ मारून नेणार. त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस," तो म्हणाला. "आणि नीट सांग. सुरुवात कुठून करू?"

काही जण न जेवताच गेले. उरलेल्यांना मी पुलाव वाढला आणि बोलणं सुरूच राहिलं. दंतवैद्य शेवटपर्यंत थांबले आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

भांडी घासताना नवरा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "मला लागलं," तो म्हणाला.

"लागणारच."

त्याने पातेलं पुसायला घेतलं. मग एकदम हसला. "आपल्या टेबलाशी बसून शिकली आणि आपल्याच हॉलमध्ये आपल्याला कामाला लावलं पोरीने!" हे सांगताना त्याचा ऊर असा भरून आला होता की, जणू स्वतःच्या मुलीचा निकाल लागला होता. मलाही तिचा अभिमान वाटत होता, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याचा जास्त वाटला.

त्या वर्षी मोठी टीम गेली नाही. चर्चमधल्या काही लोकांना हे पटायला फार वेळ लागला, दोन-तीन जणांना अजून पटलेलं नाही. भूल देणारी एक अनुभवी नर्स सहा महिन्यांसाठी गेली. तिचा नवरा आणि मुलं इकडे होती, ती सगळी रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. यंत्रांसाठी नवऱ्याचा कंपनीतला एक निवृत्त सहकारी तयार झाला. पुण्याचा, रोज पूजा केल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. व्हिडिओ कॉलवर त्याने डॉक्टरला आधीच विचारून घेतलं, "मी ख्रिस्ती नाही. चालेल का?"

ती म्हणाली, "पाना धरता येतो ना?"

तो गेला, राहिला, आणि परत आला तो तिथल्या तिघांना ऑक्सिजनचं यंत्र पूर्ण उघडून जोडायला शिकवूनच.

गेल्या महिन्यात डॉक्टरचा फोन आला. मी फेअरप्राइस सुपरमार्केटमधून भाजी घेऊन येत होते, लिफ्टजवळच थांबले. तिच्या मागे कसला तरी गोंधळ चालला होता, माणसं खोके उचलत होती.

"मामा, या वर्षी कुणाला पाठवू नका," ती म्हणाली. "आमचीच टीम निघालीय. पलीकडच्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलला सर्जन नाही. बोलावणं नसताना जात नाहीये हं, त्यांनी बोलावलंय! मी, दोन नर्सेस आणि त्या तिघांतला एक यंत्रवाला. तिथे पोरगी आहे एक, नवी, आमची सोय बघणार आहे. घाबरलीय बिचारी. तिला काय सांगू?"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"तिलाच मला फोन करायला सांग," मी म्हटलं. "आणि आधी तिला विचार, विहीर किती लांब आहे."