उत्तरं घरून लिहून नेणारे भाऊजी

मुलाखत घ्यायला समोर माणूस लागतो, ही गोष्ट आमच्या धाकट्या भाऊजींना कधीच पटली नाही. अंबरनाथ पूर्वेला आमच्या वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळत असे आणि त्या विभागाचं एक हस्तलिखित मासिक निघे. एकच प्रत, तीच घरोघर फिरायची आणि आमटीचे डाग घेऊन परत यायची. त्या मासिकासाठी मुलांच्या पुस्तकांचे लेखक आणि चित्रकार गाठून त्यांच्याशी गप्पा मारायचं काम भाऊजींनी अंगावर घेतलं होतं. कोणी दिलं नव्हतं. कारखान्यात ते अधिकारी होते. तिथे त्यांचं कोणी ऐकून घेत नसावं, असा माझा अंदाज आहे.

त्यांची पद्धत अशी, की पुस्तक वाचून प्रश्न काढायचे आणि त्याच बैठकीत उत्तरंही लिहून टाकायची. लेखकाकडे जायचं ते फक्त त्याची मान हलवून घ्यायला. "वेळ वाचतो, वहिनी," असं म्हणत आणि मग त्याच्या घरी अडीच तास बसत. मे महिन्यातसुद्धा लोकरीचा कोट घालून. टिपणं घ्यायला मी असे. निघण्यापूर्वी मी यादी करी: टोक काढलेल्या दोन पेन्सिली, वही, परतीच्या गाडीची वेळ, तिसऱ्या चहाआधी भाऊजींना उठवणे. शेवटच्या कामापुढे बरोबरची खूण मला एकदाही करता आली नाही. पक्ष्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, लेखनाकडे कशा वळलात. बाई म्हणाल्या, मुलगा जेवताना छळायचा, एकेका घासाला एकेक पक्षी सांगावा लागे. भाऊजींच्या वहीत 'बालपणापासून निसर्गाची ओढ' आधीच लिहिलेलं होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं. आपलं बालपण गिरणीशेजारच्या एका खोलीत गेलं, असं बाईंनी सांगून पाहिलं. खिडकीतून कावळे तरी दिसत असतील, असा भाऊजींनी तोडगा काढला. मासिकात ओढच गेली, तीही माझ्या अक्षरात.

बदलापूरला बेलवलीत एक निवृत्त हेडमास्तर राहत. कोकणातल्या आपल्या गावाच्या गोष्टींचं त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. चित्रं होती उल्हासनगरच्या कॅम्पात राहणाऱ्या एका सिंधी गृहस्थांची. एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. लेखक-चित्रकारांची गाठ कधी पडली नव्हती. चित्रकारांना मराठी वाचता येत नसे, म्हणून छापखान्यातल्या माणसाने प्रत्येक गोष्ट हिंदीत तीन वाक्यांत सांगायची आणि त्यावरून यांनी चित्र काढायचं. चित्रं सुरेख उतरली होती. फक्त कोकणातल्या प्रत्येक घराच्या छपरावर तिरप्या झाकणाची एक चौकोनी पेटी उभी होती. मास्तर भडकले होते. दुसरं पुस्तक तयार होतं आणि ते मुंबईच्या चित्रकाराला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. ही बातमी छापखान्यातून कॅम्पात पोचली होती. त्यामुळे भाऊजींनी दोघांची एकत्र मुलाखत ठरवली त्या दिवशी चित्रकार इस्त्रीचा सदरा घालून, चित्रांची गुंडाळी काखेत मारून, आमच्याआधीच मास्तरांच्या ओटीवर येऊन बसले होते.

भाऊजींनी पेट्यांविषयीचा प्रश्न वाचला आणि श्वास न घेता उत्तरही वाचलं. उत्तरात त्या पेट्या धुराडी ठरल्या होत्या. खेड्याच्या दाराशी आलेल्या यंत्रयुगाची खूण.

"माझ्या गावात अजून विजेचा खांब नाही," मास्तर म्हणाले. "यंत्रयुग कुठून आणलंत?"

भाऊजींनी सगळं हिंदीत समजावून चित्रकारांकडे पाहिलं. आता मान हलायची तेवढी बाकी होती. ती हलली नाही.

"नहीं साईं, धूर नाही. हवा," ते म्हणाले. "हमारे हैदराबाद में, सिंध में, हर घर के ऊपर असतो. वारा वर पकडतो, खाली खोलीत सोडतो. प्रेसवाल्याने बोला, गाव का घर बनाओ." बोटाने त्यांनी चित्रातल्या छपरावरून हळूच पुसल्यासारखं केलं. "घर बोले तो मुझे येही आता है."

भाऊजींनी वहीतलं ते पान उभं फाडलं आणि खिशात घातलं. मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून मी जे ऐकलं ते तसंच उतरवलं. मास्तरांनी चित्र स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाले, "पुढचं पुस्तक तुम्हीच करा. पण छपरावर कौलं. नुसती कौलं." आणि स्वतःच्या घराचं छप्पर दाखवायला त्यांना अंगणात घेऊन गेले. चित्रकारांनी गुंडाळीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक कौल उतरवून घेतलं.

दुसरं पुस्तक आलं. कौलं इतकी बिनचूक, की एक सरकवून बघावंसं वाटे. मास्तर खूश झाले, छापखान्याने चित्रकारांना आणखी कामं दिली, आणि मी पुस्तक दाखल करून मुलाखतीसाठी भाऊजींच्या हवाली केलं. आठवड्याने त्यांनी ते परत आणलं. एकही प्रश्न काढलेला नव्हता. माझ्या टेबलाशी उभं राहून ते पानं उलटत राहिले.

"किती नीट झालीत छपरं, वहिनी," ते म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं.

मग त्यांनी पहिलं, छपरांवर पेट्या असलेलं पुस्तक मागून नेलं. ते परत आलं नाही. उशिरा पुस्तक आणणाऱ्या सातवीतल्या पोरांनाही मी सोडत नसे. पण त्या पुस्तकाची आठवण मी भाऊजींना कधी केली नाही.