वळूची बदनामी

आमच्या पुसेगावात तातेरावाइतका हट्टी माणूस न्हाई, अन् त्याच्या वळूइतकं गुणी जनावर न्हाई. आजूबाजूच्या गावचे लोक गायी घेऊन त्याच्या दारात यायचे अन् गाय गाभण राहायचीच. निम्म्या तालुक्यात त्या वळूची वासरं हुंदडायची. तातेरावाच्या घरी मात्र लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. गावानं त्याच्या बायकोला, सखुबाईला, वांझ ठरवून टाकलं होतं.

हिंगोली जिल्हा झाला त्या साली नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, दोष सखुबाईत न्हाई, तातेरावात हाय. ही गोष्ट त्या दोघांना अन् मलाच ठाऊक, कारण मी शेजारी, तो नांदेडला गेला की वळूला चारा मी टाकायचो. दर खेपेला नवी तपासणी, नवी सुई, नव्या गोळ्या. वळूची कमाई सगळी तिकडंच जायची, सखुबाईच्या पाटल्याही गेल्या. मी म्हणालो, "तात्या, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला व्हायला लागला." आठवडाभर तो माझ्याशी बोलला न्हाई.

एकदा नांदेडहून येताना वारंगा फाट्यावर तातेरावाची एसटी थांबली. तिथं तांड्यावरचा लखमा भेटला. औषधांची पिशवी बघून म्हणाला, "काहून, कोणाला तकलीफ हाय?"

तातेराव गडबडला. "वळूचं औषध हाय," म्हणाला.

लखमाच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. बाजाराच्या दिवसापर्यंत गावोगाव झालं, वळू कामातून गेला. गायी यायच्या बंद. पैसा बंद, म्हणून नांदेडची पुढची खेपही बंद. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता गड्यानं. वळू मात्र आठ दिवस बसून खाऊन नुसता माजला होता.

पुढच्या बाजाराला तातेराव वळू घेऊनच पारावर आला. मी सोबत होतो. म्हणाला, "वळू बराबर हाय. दोष माझ्यात हाय. औषधं माझी होती." कोणी हसलं न्हाई. लखमा हातातला चहा प्यायचा विसरला.

आमी घरी पोचलो तर बातमी आधीच पोचलेली. सखुबाई भाकरी थापून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "वळूची बदनामी झाली तर आठ दिसांत पारावर उभे राहिलात. माझी नऊ वर्षं होऊन राहिली."

तातेराव उंबऱ्यातच खाली बसला. मला त्याची कीव आली, पण खरं सांगू, बरंही वाटलं.

सकाळी दारात दोन गायी आल्या. त्यांच्या मागं लखमा, एकटाच.

"गाय कुठं हाय?" तातेरावानं विचारलं.

"न्हाई आणली," लखमा हळूच म्हणाला. "डॉक्टरचा पत्ता पाहिजे होता."

"देतो, पण आल्यावर. सखूला वांझ कोण कोण म्हणलं, त्या घरांत आधी जाऊन येतो." तातेरावानं चपला घातल्या अन् निघाला.

मी मागं मागं गेलो. पहिलं घर खालच्या गल्लीतलं, थोरल्या भावाचं. ओट्यावर रुक्माबाई बसली होती, तातेरावाची आई. सखुबाईला वांझ पहिल्यांदा तिनंच म्हणलं होतं.